तीनशे दोनमधला पाहुणा

सोनचाफा सोसायटीत कुणाच्या घरी काय शिजतंय हे कळायला कधी यंत्र लागलं नव्हतं. बदलापूर पूर्वेची ही चार मजली इमारत बांधताना बिल्डरने भिंतींच्या बाबतीत इतका हात आखडता घेतला होता, की तीनशे एकमध्ये फोडणी पडली की तीनशे दोनमध्ये शिंक यायची. लोक कुरकुरत, पण त्याच पातळ भिंतींच्या भरवशावर निर्धास्त झोपत. पलीकडे कुणीतरी आहे, हे कानाला ठाऊक असायचं.

मग एका उन्हाळ्यात बी विंगमधले देवस्थळी गेले, आणि ते गेल्याचं कळायला अख्ख्या सोसायटीला दोन दिवस लागले. शेजारचं कुटुंब गावी, मुलगी हैदराबादला. दार फोडलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून जिन्यात बसल्या होत्या. पुढे कितीतरी दिवस माणसं जिन्यात एकमेकांची नजर चुकवून चढत-उतरत होती. लाज वाटत होती, दुसरं काय?

त्या लाजेपोटीच अनघा रिसबूडने ‘सोबती’ आणलं. अनघा तीनशे एकमध्ये राहायची. टेलिफोन खात्याच्या केबल विभागातून ती निवृत्त झाली होती आणि सोसायटीच्या कमिटीवर होती. एखादी गोष्ट डोक्यात घेतली की ती तडीस नेल्याशिवाय तिला अन्न गोड लागत नसे. तिचा नवरा श्रीरंग हे कौतुकाने सांगतो की तक्रारीने, हे लग्नाला इतकी वर्षं होऊनही तिला कळलं नव्हतं.

“प्रत्येकाच्या घरी इंटरनेटची काचेची तार आलेलीच आहे,” सभेत तिने सांगितलं. “त्या तारेतून प्रकाश धावतो. पण काच दिसते तितकी निर्मळ नसते. तिच्यात जागोजागी अतिशय बारीक खोट असते आणि तिथून किंचितसा प्रकाश मागे फिरतो. जवळून कुणी चाललं की फरशी थरथरते, भिंत थरथरते आणि तार ताणली जाते. इतकी कमी, की डोळ्यांना जन्मात दिसणार नाही. पण मागे फिरणारा प्रकाश तेवढ्यानेही बदलतो. तो किती वेळात परत आला त्यावरून धक्का साधारण कुठे बसला हे काढता येतं. समुद्राच्या तळाचे भूकंप असेच ऐकतात.”

“म्हणजे आमची भांडणंही ऐकणार?” खालून कुणीतरी विचारलं, आणि हशा झाला.

“बोलणं नाही, चालणं. कुणी टाच आपटतं, कुणी पाय घासतं. प्रत्येकाची चाल वेगळी. यंत्र पंधरा दिवस घरातल्या माणसाची चाल शिकतं. मग ती ऐकू आली की मोबाइलवर त्या घराचा दिवा हिरवा. जागेपणी बराच वेळ ऐकू आली नाही की पिवळा, त्याहून जास्त झालं की लाल. दार फोडायची वेळ पुन्हा यायला नको.”

 ठराव एकमताने झाला. पहिल्या टप्प्यात फक्त एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांची घरं घ्यायची ठरली, आणि त्यात पहिलं नाव तीनशे दोनच्या मधुसूदन खासनीसांचं होतं.

खासनीसांना सगळे अण्णा म्हणत. ऐंशीचे झाले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि एकुलता एक निनाद मेलबर्नला होता. अनघाच्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरांची भिंत एकच. सकाळी चहा टाकला की अनघा लाटण्याने भिंतीवर दोनदा ठोकायची आणि पलीकडून अण्णा वाटी वाजवायचे. म्हणजे उठलो, बरा आहे. त्यांच्या घराची किल्ली तिच्या फ्रिजशेजारच्या खिळ्याला लटकायची. भाजीचा डबा इकडून तिकडे जायचा, आणि अण्णांनी तो कधी रिकामा परत केला नाही. काहीच नसलं घरात तर चमचाभर साखर. “रिकामं भांडं शेजारी पाठवू नये, असं हिचं म्हणणं होतं,” ते म्हणायचे. बायको गेल्यावर तिची ही एक गोष्ट त्यांनी मोठ्या निष्ठेने सांभाळली होती.

यंत्र बसवायला कंपनीच्या रेहाना शेख आल्या. पंचेचाळिशीच्या, चष्मा कपाळावर सरकवून बोलणाऱ्या, कामाला चोख.

“घरात माणसं किती, काका?”

“एक.”

“मग पंधरा दिवस बाहेरचं कुणी येऊ देऊ नका. कामवाल्या बाईंनाही सुट्टी द्या. शिकताना यंत्राला दुसरी चाल ऐकू आली तर घोटाळा होतो. तुमची आणि शेजारच्या रिसबूडांची तार एकाच भिंतीतून वर चढलीय. तेव्हा जागेवरून इकडचं-तिकडचं कळणार नाही, चालीवरूनच ओळखावं लागेल.”

अण्णांनी मान डोलावली. कामवालीला सुट्टी दिली, ती पुढे परत आलीच नाही. आणि त्याच रात्री त्यांना चिकुनगुनियाने गाठलं. असं गाठलं, की पलंगावरून खाली पाय टाकायची सोय राहिली नाही. मग पेज, औषधं, केर, चादरी, सगळं अनघानेच पाहिलं. दिवसातून दहा वेळा ती इकडून तिकडे करत होती. अण्णा फक्त तिच्या खांद्यावर सगळा भार टाकून न्हाणीघरापर्यंत जात आणि परत येऊन पडत.

मुदत संपल्यावर रेहानाबाईंचा फोन आला. “बाहेरचं कुणी आलं नव्हतं ना?”

“छे हो, कुणीसुद्धा नाही,” अण्णा म्हणाले. ते त्यांना अगदी खरं वाटत होतं. अनघा पेजेची वाटी घेऊन तिथेच उभी होती. तिच्याही डोक्यात काही आलं नाही.

अण्णा महिन्याभराने उठले ते काठी घेऊन. पूर्वीची चाल गेली, आता काठी, पाय, आणि ओढत येणारा दुसरा पाय. पण दिवा सतत हिरवागार असायचा. अनघा सकाळी चहा टाकायची, मोबाइलकडे पाहायची आणि लाटणं जागेवर ठेवायची. हिरवा दिवा समोर असताना भिंत कशाला ठोकायची? हळूहळू ते थांबलंच. सगळ्या सोसायटीत हेच चाललं होतं. जिन्यात भेटले की लोक आता “कसे आहात?” विचारत नव्हते. “तुमचा दिवा सकाळी पाहिला हो,” म्हणायचे.

अशात एका दुपारी निनादचा फोन आला.

“अनघाकाकू, बाबांकडे कुणी राहायला येतं का?”

“नाही बुवा. का रे?”

“सोबतीवर नातेवाइकांना वेगळी सूचना येते. घरात अनोळखी चाल, पाहुणा. रोज येतेय. दिवसाही, रात्रीही. मी बाबांना विचारलं तर म्हणतात कुणी नाही. मग खोटं कोण बोलतंय?”

 अनघा तशीच शेजारी गेली. अण्णा खिडकीपाशी बसले होते, चेहरा उतरलेला.

“मलाही सांगितलं निनादने,” ते म्हणाले. “कुणी येत नाही गं. पण यंत्र म्हणतंय म्हणजे… मी रात्री उठून उठून बघतो. हॉलमध्ये बघतो, गॅलरीत बघतो. कुणी नसतं. आणि सकाळी निनाद म्हणतो, काल रात्री तर पाहुणा चारदा फिरला.”

ऐंशी वर्षांचा माणूस आपल्याच घरात दिवे लावून झोपायला लागला. अनघाने दाराचं कुलूप तपासलं, गॅलरीची जाळी तपासली. वॉचमनला फैलावर घेतलं. पाहुणा येतच राहिला. जितके अण्णा उठून पाहायचे, तितका तो जास्त फिरायचा.

दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा निनादचा आवाज बदललेला होता. “काकू, राग मानू नका. बाबांखेरीज किल्ली फक्त तुमच्याकडे आहे. तुम्ही ती कुणाला देता का? इथे मित्राच्या वडिलांच्या बाबतीत असंच झालं, शेजाऱ्यांनीच आपला माणूस घरात घुसवला आणि पुढे फ्लॅटच—”

“फ्लॅटच काय?” अनघाने विचारलं.

“मी तुमच्याबद्दल म्हणत नाहीये.”

“मग कुणाबद्दल म्हणतोयस, निनाद? तुझी मुंज झाली तेव्हा तुला ओवाळायला मी उभी होते.”

तिने फोन ठेवला. खिळ्यावरची किल्ली काढली, शेजारी जाऊन अण्णांच्या टेबलावर ठेवली.  “यापुढे तुमच्या घरात कोण येतं-जातं याचा ठपका माझ्यावर नको,” ती म्हणाली. अण्णांनी तोंड उघडलं, पण ऐकून घ्यायला ती थांबली नाही. एवढं करून माणूस हेच ऐकून घेतो का? तिला रडू येत होतं आणि अण्णांसमोर रडायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिच्या दाराच्या कडीला कापडी पिशवी लटकलेली होती. आत तिचाच भाजीचा डबा होता, मागच्या आठवड्यात दिलेला. श्रीरंगने तो उचलून पाहिला. “काहीतरी आहे गं यात.”

“असू दे. ठेव फ्रिजवर.”

“उघडून तरी—”

“ठेव म्हटलं ना.”

श्रीरंगने डबा ठेवला. बायकोचा हा सूर त्याला ओळखीचा होता, आणि स्वयंपाकघर हा तसाही त्याचा प्रांत नव्हता. पाणी प्यायलासुद्धा तो हॉलमधूनच हाक मारायचा.

पाचसहा दिवस असेच अबोल्यात गेले. मग एका सकाळी केरवाल्याला कचरा देताना अनघाला तीनशे दोनच्या दाराला दुधाची पिशवी लटकलेली दिसली. एरवी आठच्या आत अण्णा ती आत घेत. पूर्वी तिने लगेच बेल दाबली असती. आता तिने मोबाइल पाहिला. दिवा हिरवा. उठलेत म्हणजे, घेतील. तिने दार लावून घेतलं. मनातून तिला थोडं बरंही वाटलं, की बेल दाबावी लागली नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर निनादचा मेसेज आला. “काकू, मागच्या बोलण्याबद्दल सॉरी. एक चांगली बातमी. तो पाहुणा काल संध्याकाळपासून आलेला नाही. बाबांचा दिवा मात्र छान हिरवा आहे. सुटलो एकदाचे.”

अनघाने तो दोनदा वाचला. सुटलो एकदाचे. तिला सुटल्यासारखं वाटत नव्हतं. का, ते कळत नव्हतं. तिने दार उघडलं. दुधाची पिशवी तशीच होती, उन्हाने फुगलेली.

तिने बेल दाबली. थांबली. पुन्हा दाबली. मोबाइल लावला, तो आत वाजत राहिला आणि बंद पडला.

“रुसलाय म्हातारा,” श्रीरंग हॉलमधून म्हणाला. “तू किल्ली तोंडावर फेकून आलीस, तो तुला दार कशाला उघडेल? दिवा बघ ना.”

दिवा हिरवा होता. ती स्वयंपाकघरात गेली, ओट्यापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारू लागली. कमिटीच्या लोकांना दिव्याला स्पर्श करून चालू पावलं पाहता येत. प्रत्येक पावलागणिक हिरवा ठिपका धडधडायचा. तिने ते उघडलं. ठिपका धडधडत होता. अण्णा चालत होते. आत फिरतायत आणि दार उघडत नाहीत! तिला राग आला, आणि त्या रागात ती ओट्यापाशी थबकली.

ठिपका थांबला.

तिने एक पाऊल टाकलं. ठिपका एकदा धडधडला. आणखी एक. आणखी एकदा. मग ती थांबली, श्वासही रोखून. ठिपका मेल्यासारखा पडून राहिला.

एका क्षणात तिला सगळं दिसलं. एकाच भिंतीतून चढलेली तार. चालीवरून ओळखणारं यंत्र. ते पंधरा दिवस, ज्यात त्या घरात एकच माणूस चालत होतं, आणि ते अण्णा नव्हते. यंत्राने तिलाच तीनशे दोनची घरधनीण ठरवलं होतं. ती इथे पोळ्या लाटत होती आणि तिथे दिवा हिरवा होत होता. आणि काठी टेकत, पाय ओढत जो परका माणूस दिवसा-रात्री त्या घरात फिरत होता, ज्याला धरायला सगळे टपले होते, तो पाहुणा—

पाहुणा काल संध्याकाळपासून आलेला नाही.

“श्री!” ती किंचाळली. “अण्णा पडलेत!”

श्रीरंग लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच धावत स्वयंपाकघरात आला. “दिवा तर—”

“तो दिवा माझा आहे! हलू नकोस. जिथे आहेस तिथे उभा राहा.”

तिने लाटणं उचललं आणि भिंतीवर दोनदा ठोकलं. मग कान भिंतीला लावला. कुणाच्या तरी पंख्याची घरघर. खाली रिक्षा वळल्याचा आवाज. आणि मग, अगदी खाली, फरशीच्या लगत, काहीतरी खरवडल्यासारखं. एकदा. थोड्या वेळाने पुन्हा एकदा.

“जिवंत आहेत,” ती म्हणाली.

श्रीरंगने बाहेर जाऊन दाराला खांदा दिला. लोखंडी सेफ्टी डोअर जागचं हललं नाही. देवस्थळींच्या वेळी दार कापायला माणूस आणावा लागला होता, त्यात तासच्या तास गेले होते. “किल्ली!” तो ओरडला. “किल्ली कुठाय?”

किल्ली तिने स्वतःच्या हाताने त्या टेबलावर नेऊन ठेवली होती. कुलपाच्या आतल्या बाजूला. तिने कपाळावर हात मारून घेतला. दुसरी किल्ली मेलबर्नला. रागाच्या भरात आपण एका माणसाला कोंडून आलो, असं तिला वाटलं, आणि ती उगाचच रिकाम्या खिळ्याकडे पाहत राहिली. खिळ्याशेजारी फ्रिज होता. फ्रिजवर डबा होता.

अण्णांनी कधी डबा रिकामा परत केला नव्हता.

तिने तो ओढून खाली घेतला. झाकण घट्ट बसलं होतं, नखं मोडली पण निघेना. श्रीरंगने तिच्या हातातून घेऊन ओट्याच्या कडेवर आपटला. साखर सगळीकडे उडाली, आणि साखरेतून किल्ली फरशीवर खणकन पडली.

पाच-सहा दिवस ती किल्ली तिच्या डोक्यावर, फ्रिजवरच होती. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी ती परत पाठवली होती, नेहमीच्या पद्धतीने, एक शब्दही न बोलता. आणि तिने झाकण उघडलं नव्हतं.

कुलपात किल्ली फिरवताना तिला आतल्या कडीची भीती वाटली. इतका घाबरलेला माणूस कडी घातल्याशिवाय कसा झोपेल? पण दार ढकलताच उघडलं. कडी घातलेली नव्हती. ती आली तर यावी म्हणून घातलेली नव्हती.

अण्णा स्वयंपाकघराच्या भिंतीशी कुशीवर पडले होते. ओठ पांढरेफटक, हातात एक चमचा. न्हाणीघराच्या दाराशी भिंतीला धरून ते हळूहळू घसरले होते. काठी आतच राहिली. कमरेखालचं काही हलत नव्हतं. रात्रभर आणि सकाळभर ते हाताच्या जोरावर सरपटत इथवर आले होते, आपला आवाज जाईल अशा एकाच भिंतीपाशी.

अनघाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ते काहीतरी पुटपुटले. तिने कान जवळ नेला.

“तुझी पावलं ऐकू येत होती,” ते म्हणाले. “वाटत होतं, आता येईल. आता येईल.”

ती ढसाढसा रडली. रुग्णवाहिका आली तेव्हाही रडत होती.

इस्पितळाच्या व्हरांड्यात निनादचा फोन आला.  “काकू, पण मी सकाळीसुद्धा पाहिलं. दिवा हिरवा होता हो. खरंच हिरवा होता.”

“तो हिरवा दिवा मी होते, निनाद,” ती म्हणाली. “तू ज्या पाहुण्यामागे लागला होतास ना, ते तुझे बाबा होते.”

 पलीकडे एक मोठा माणूस लहान मुलासारखा रडताना ऐकू आला. अनघाने फोन ठेवला नाही.

घरी परतल्यावर तिने कपडे बदलायच्या आधी दोन्ही विंगा पालथ्या घातल्या. ज्या ज्या घराचा दिवा हिरवा होता, त्या प्रत्येक घराची बेल तिने दाबली. लोक वैतागले. “दिवा बघायचा ना,” एकट्या राहणाऱ्या सासऱ्यांना डबा द्यायला आलेल्या एकीने सुनावलं. अनघाने त्या म्हाताऱ्या सासऱ्यांचं तोंड पाहिलं आणि पुढच्या दाराशी गेली.

अण्णांच्या खुब्यात सळई बसली. ते घरी आले तेव्हा निनाद आलेला होता, अनघाच्या डोळ्याला डोळा न देता वावरत होता. रेहानाबाई यंत्र नव्याने शिकवायला आल्या. त्यांना या प्रकाराने फार लागलं होतं. तारांची जोडणी त्यांनी स्वतः बदलून घेतली होती, वॉकरची चाल वेगळी नोंदवायची सोय केली होती.

“या वेळी चूक होणार नाही, काका. फक्त तेवढं पंधरा दिवसांचं पथ्य पाळा. घरात तुम्ही आणि निनाद. बाहेरचं कुणीही नको.”

अनघा अण्णांना पेज भरवत होती. तिने वाटी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि उठली. चूक एकदा झाली होती, ती पुन्हा व्हायला नको. दाराशी जाऊन ती चपला शोधू लागली.

अण्णांनी उशीवरून मान वळवली. खोलीत निनाद होता, रेहानाबाई होत्या, दाराशी अनघा होती. त्यांनी सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं.

“ते ठीक आहे,” ते रेहानाबाईंना म्हणाले, “पण इथे बाहेरचं कोण आहे?”